जुन्या ‘पॉपाय’ पिनबॉलला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावर लोखंडी बॉल फ्लिपरने, म्हणजे बटण दाबून उडणाऱ्या दोन छोट्या पट्ट्यांनी, मारत ठेवायचा नाण्याचा खेळ. ‘पॉपाय सेव्हज द अर्थ’ हे कार्टूनमधल्या पॉपाय खलाशावरचं मशीन पिनबॉलवाल्यांत बदनाम आहे. शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९९४ साली बॅली या नावाखाली ते बाजारात आणलं. बॅरी आउर्सलर आणि पायथन अँगेलो या जोडीने ते घडवलं, आणि याच दोघांचं १९८६ चं ‘पिन-बॉट’ लोक आजही आवडीने खेळतात. म्हणजे माणसं कच्ची नव्हती. तरीही पॉपाय फसलं, आणि का फसलं ते सांगता येतं. पण आज आपल्यासमोर येणारं मशीन तीस वर्षं झिजलेलं असतं. खेळणारा दोन डाव खेळतो, वैतागतो आणि झिजेचं पाप डिझाइनच्या माथी मारतो. दोष कारखान्यातून आला की नंतर लागला, हे आधी वेगळं करा.

‘मशीन मंद आहे’

पहिली तक्रार हीच असते. पॉपायचं प्लेफिल्ड, म्हणजे बॉल ज्यावर फिरतो तो पाट, नेहमीपेक्षा रुंद आहे, त्यामुळे बॉलला जास्त अंतर कापावं लागतं. ते खरंच आहे. पण त्यात उतार कमी पडला तर खेळ अगदीच रेंगाळतो. उतार साधारण साडेसहा अंशांचा हवा. तो मोजताना बरेच जण उतार मोजणारं ॲप लावून मोबाइल वरच्या काचेवर ठेवतात, आणि इथेच चुकतं, कारण काचेचा आणि प्लेफिल्डचा उतार सारखा नसतो. काच काढा, मोबाइल थेट प्लेफिल्डवर ठेवून मोजा आणि मागचे पाय पान्याने वर-खाली करा. डावी-उजवी पातळीही त्याच वेळी बघून घ्या. बॉल सारखा एकाच बाजूच्या गल्लीतून जात असेल तर नशिबाला बोल लावण्याआधी ही पातळी तपासा.

‘रॅम्पच चुकीचा बसवलाय’

नेम बरोबर लागतो, बॉल रॅम्पवर, म्हणजे वर नेणाऱ्या चढावर, पाऊण चढतो आणि परत येतो. हे पुन्हापुन्हा झालं की लोक रॅम्पला शिव्या घालतात. दहांतल्या नऊ वेळा गुन्हेगार फ्लिपर असतो. काच आणि बॉल काढून, मशीन बंद करून, प्लेफिल्ड उचलून फ्लिपरच्या यंत्रणेकडे नीट बघा. कॉइलमध्ये, म्हणजे फ्लिपर ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, आत-बाहेर होणाऱ्या लोखंडी दांड्याचं टोक आपटून आपटून छत्रीसारखं पसरलेलं दिसेल. आतली नळी काळी पडलेली असेल, जोडपट्टीचं भोक ओघळून लांबट झालेलं असेल. दांडा हाताने ढकलला की तो खरखरतो, अडतो. अशा फ्लिपरला नवी कॉइल घालून काही होत नाही. दांडा, नळी, जोडपट्टी आणि स्टॉपर हा संचच बदलावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंचा एकदमच बदलावा. एक फ्लिपर नवा आणि एक जुना ठेवला तर हाताचा अंदाज कायम फसतो.

कॉइलच्या तारांवर सत्तर व्होल्टच्या आसपास दाब असतो, गुण दाखवणाऱ्या ठिपक्यांच्या पडद्याच्या (डॉट मॅट्रिक्स डिस्प्ले) सर्किटमध्ये त्याहून जास्त. प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका.

सेल

सीपीयू बोर्डावर, म्हणजे मशीनच्या मुख्य सर्किटवर, सेटिंग्ज लक्षात ठेवण्यासाठी तीन एए सेल असतात. ते विसरणं ही सगळ्यांत महागडी चूक. सेल गळला की त्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो आणि बॉल कुठे लागला ते मशीनला कळवणारे स्विचेस एकेक करून बोलेनासे होतात. सुरू करताना पडद्यावर फॅक्टरी सेटिंग्जचा संदेश येत असेल तर सेल संपलेत असं समजा आणि त्याच दिवशी बोर्ड उघडून बघा. त्याहून बरं म्हणजे सेलची डबी वायरने बोर्डापासून दूर नेऊन बसवणं. क्रेडिटच्या (शिल्लक डावांच्या) आकड्यापुढे एक बारीक ठिपका दिसत असेल तर तोही डाग समजून सोडू नका. मशीन स्वतःच सांगतंय की कुठेतरी बिघाड सापडलाय. नाण्यांचं दार उघडून पडद्यावर टेस्ट रिपोर्ट वाचा, कुठला स्विच मुका झालाय ते तिथे नावानिशी येतं.

साफसफाईबद्दल थोडक्यात: पाणी नको, अमोनियावालं काच पुसायचं द्रावण प्लेफिल्डवर नको. खास प्लेफिल्डचं पॉलिश आणि वर कार्नोबा मेण एवढं पुरे. गंजलेला किंवा चरे पडलेला बॉल मात्र लगेच बदला, तो प्रत्येक फेरीत रंग खरवडतो.

खेळताना

मागच्या बाजूला पसरलेला वरचा मजला पॉपायचा मूळ दोष आहे. बॉल त्याच्याखाली गेला की दिसत नाही. अशा वेळी लोक घाबरून दोन्ही फ्लिपर धडाधड मारतात, आणि दोन फ्लिपरांमधल्या फटीतून बॉल गमावतात. हात थांबवा. बॉल कुठून बाहेर येतो ते काही डाव नुसतं बघा. ठरावीक वाटा आहेत, त्या ओळखीच्या होतात. बॉल आला की फ्लिपर वर धरून तो त्यावर अडवा, स्थिर होऊ द्या, मग नेम धरा. बॉलची दिशा बदलायला मशीनला हलका धक्का द्यायचा, तर तोही आधीच द्यायचा असतो. बॉल फटीत शिरल्यावर रुंद, जड कॅबिनेट हलवून काही हाती लागत नाही, फक्त टिल्ट होतो, म्हणजे जास्त हलवलं म्हणून मशीन तो बॉल बाद करतं.

हे सगळं करून झाल्यावर टीका जरूर करा. माझं मत स्पष्ट आहे: नीट दुरुस्त केलेलं पॉपायसुद्धा पहिल्या फळीतलं मशीन नाही. तो मजला डोळ्यांच्या आड येतो, आणि एका फटक्यातून दुसरा फटका सहज निघावा अशी लय इथे जमत नाही. पण प्राणी वाचवायची, प्रदूषण करणाऱ्या ब्लूटोशी, म्हणजे पॉपायच्या शत्रूशी, झुंजायची कल्पना अँगेलोने मनापासून मांडली आहे, आणि चित्रांत ती जागोजागी दिसते. परीक्षण लिहाल तेव्हा उतार किती होता, फ्लिपर नवे होते का, फ्लिपरवरचे आणि खांबांवरचे रबर कोणते होते, हे सोबत लिहा. आणि विकत घेत असाल तर वरच्या मजल्याचं प्लॅस्टिक खालून बॅटरी मारून तडे गेलेत का बघा, मगच भाव करा.