‘द लव्हर्स’ची प्रतिकृती आणि खालच्या थरातले तेल

तैलरंग शिकण्यासाठी मी प्रतिकृती करायला बेल्जियन चित्रकार रने मॅग्रीटचे १९२८ मधले ‘द लव्हर्स’ हे चित्र निवडले, ते सोपे वाटले म्हणून. डोक्यांना पांढरे कापड गुंडाळलेली दोन माणसे चुंबन घेत आहेत. चेहरेच दिसत नसल्यामुळे डोळे, ओठ आणि साम्य यांची कटकट नाही, असा माझा हिशेब होता. तो पार चुकला. कापडाखाली नाक, कपाळ आणि हनुवटी आपापल्या जागी नसतील तर घड्या कितीही मन लावून रंगवा, मानेवर गाठोडे ठेवल्यासारखेच दिसते.

मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असून ते ५४ बाय ७३.४ सेंटिमीटरचे आहे. बाजारात मिळणाऱ्या १८ बाय २४ इंची कॅनव्हासचे प्रमाण त्याच्याशी पुरते जुळत नाही. उंचीत सुमारे ९ मिलिमीटर उरतात, तेवढी पट्टी आधीच आखून सोडावी. रेखाटन चौकटी आखून करावे. प्रोजेक्टरवरून गिरवणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण त्यातून हात शिकतो यावर माझा विश्वासही नाही.

आता मी ज्यात फसलो ते सविस्तर सांगतो. पहिल्या थरात मी डोक्यांच्या जागेसह सगळा कॅनव्हास आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगाने भरला आणि रंग सहज पसरावा म्हणून त्यात जवसाचे तेल सढळ हाताने घातले. ‘तेल घाल, रंग वाहता होईल’ हा सल्ला मला शिकवणाऱ्याचाच होता. दिवस पावसाळ्याचे होते. दहाएक दिवसांनी बोटाला रंग लागेना, म्हणून मी टर्पेन्टाइनने पातळ केलेला पांढरा रंग त्यावर चढवला. तीन महिन्यांनी नेमक्या कापडावरच केसासारख्या भेगा उमटल्या. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते आणि जितके तेल जास्त, तितका त्याला वेळ जास्त लागतो. आयव्हरी ब्लॅक मुळातच तेलकट आणि सावकाश वाळणारा आहे. त्यामुळे वरचा कमी तेलाचा थर आधी कडक झाला, खालचा मात्र अजून हलतच होता, आणि त्या ओढीत वरचा फाटला. म्हणून पहिला थर बर्न्ट अंबर या लवकर वाळणाऱ्या गडद तपकिरी रंगाचा, टर्पेन्टाइनने पातळ केलेला असावा, कापडाची जागा उजळच सोडावी आणि तेल वरच्या थरांत थेंबाथेंबाने वाढवत न्यावे. बोटाला रंग न लागणे म्हणजे वाळणे नव्हे, ही एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते. तुमच्याकडूनही एखादा कॅनव्हास असा वाया गेला असेल, तर तो फेकू नका. भेगा कुठून कुठे जातात ते पाहिले की थरांचे गणित डोळ्यांना दिसते.

कापडासाठी मी उपड्या तांब्यावर जुने सुती धोतर टाकून एका बाजूने दिवा लावला आणि आठवडाभर तेवढेच रंगवले. घड्यांच्या सावल्यांत पांढऱ्यात काळा मिसळला की कापड राखेचे दिसते; त्याऐवजी बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन एकत्र करून ते पांढऱ्यात किंचितच घालावे. मॅग्रीटच्या आईने १९१२ मध्ये नदीत जीव दिला, त्याच्याशी या कापडाचा संबंध जोडणारे पुष्कळ आहेत. स्वतः मॅग्रीटला असे अर्थ आवडत नसत, आणि घडी रंगवताना त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही.

एका बाबतीत मात्र हयगय नको. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी त्या पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवतो.

सध्या दुसरी प्रतिकृती भिंतीला टेकून वाळते आहे. भेगा अजून नाहीत, पण दोन चेहरे जिथे भिडतात तिथली घडी मला अद्याप जमलेली नाही, म्हणून तांब्या आणि धोतर पुन्हा टेबलावर मांडले आहेत.