व्यायामासाठी गाणी निवडताना या चुका टाळा

रत्नागिरीत भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर सकाळी चालायला आणि धावायला येणाऱ्यांत कानात इयरफोन नसलेला तरुण आता क्वचितच दिसतो. गाणी ऐकत व्यायाम करण्याला माझा मुळीच विरोध नाही. नेमकी निवडलेली गाणी सोबत असतील तर मध्यम श्रमाचा व्यायाम हलका वाटतो आणि माणूस तो अधिक वेळ टिकवतो, हे मी शिकवत असलेल्या मुलामुलींमध्ये नेहमी पाहतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेऑर्गिस यांनी याच विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे आणि त्यांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. मात्र त्या अभ्यासाला एक दुसरी बाजू आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. श्रम इतके वाढले की बोलताही येऊ नये असा दम लागतो, तेव्हा लक्ष आपोआप श्वासाकडे आणि पायांकडे वळते आणि गाण्याचा आधार तुटपुंजा पडू लागतो. व्यायामाचे स्वरूप न पाहता आधी गाणी गोळा करायची आणि मग शरीराला त्यांच्यामागे फरफटत न्यायचे, हा उलटा क्रमच पुढच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे.

पहिल्या मिनिटाला सर्वांत वेगवान गाणे

ही चूक मला सर्वाधिक अस्वस्थ करते, कारण तिचा परिणाम शरीराला भोगावा लागतो. पोलीस भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे एक मुलगा येत असे. अंगात ताकद होती, शिस्त होती, घरची शेतीची कामे आटोपूनही तो वेळेवर हजर राहत असे. त्याने मित्राकडून एक तयार प्लेलिस्ट घेतली होती. तिच्यातले पहिलेच गाणे अंगावर धावून येणारे, मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोक्यांचे होते. भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या. हे अंतर ५ मिनिटे २० सेकंदांत संपवायचे असेल तर प्रत्येक फेरीला ८० सेकंद मिळतात. हा मुलगा पहिली फेरी सत्तर सेकंदांच्या आत पूर्ण करी, दुसऱ्या फेरीत त्याचे खांदे वर चढू लागत आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होऊन त्याची चाल विस्कटून जाई. सरावात त्याची एकूण वेळ सुधारत नव्हती आणि त्याचे कारण तो आहारात, बुटांत आणि झोपेत शोधत होता.

मे महिन्यातील एका सकाळी तो याच पद्धतीने भाट्याच्या ओल्या वाळूवर धावू लागला आणि अर्ध्याहून थोडे अधिक अंतर कापल्यावर गुडघे टेकून ओकू लागला. त्याचे अंग तापले होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आम्ही त्याला सुरूच्या सावलीत नेले, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतले, ओल्या पंच्याने वारा घातला आणि तो नीट बोलू लागेपर्यंत त्याच्याजवळून हललो नाही. सावरल्यावर त्याने दिलेले उत्तर माझ्या मनात राहिले आहे: "सर, गाणंच तसं लागलं होतं, पाय थांबेनात."

यात त्याच्या इच्छाशक्तीची कमतरता नव्हती. ठेका ऐकला की पाऊल त्याच्याशी जुळू पाहते, हा माणसाचा स्वभाव आहे आणि संगीताचे सामर्थ्यही तेच आहे. किनाऱ्यावरच्या हवेत हे सामर्थ्य अधिक जपून वापरावे लागते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी दमट असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्ताचा मोठा भाग त्वचेकडे वळतो. त्यामुळे थंडीत ज्या वेगाला हृदय सहज साथ देते, त्याच वेगाला उन्हाळ्यात नाडी बरीच वर चढते. वातानुकूलित जिममधल्या ट्रेडमिलसाठी कोणीतरी जमवलेली यादी आपल्या मे महिन्याला लागू पडत नाही. डिसेंबरमध्ये वापरलेली स्वतःची यादीसुद्धा मेमध्ये एक पायरी खाली आणावी लागते.

वाळूचेही तसेच आहे. भुसभुशीत वाळूत धावण्यासाठी घट्ट जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. ओहोटीची घट्ट ओली वाळू आणि सुरूच्या बनालगतची कोरडी वाळू यांना एकच गाणे लावणे म्हणजे दोन वेगळ्या व्यायामांना एकच माप लावणे होय. 

माझी स्वतःची सवय अशी आहे की पहिली दहा मिनिटे मी एकही गाणे लावू देत नाही. त्या वेळात सांधे मोकळे करायचे, चालायचे आणि स्वतःचा श्वास ऐकायचा. त्यानंतर चालण्याच्या लयीची दोन-तीन गाणी, मग मध्यलयीची आणि मुख्य व्यायाम सुरू झाल्यावरच द्रुत लयीची. शास्त्रीय गायनात ख्याल गाताना विलंबितातून, म्हणजे संथ लयीतून, द्रुतात, म्हणजे जलद लयीत, जाण्याची जी रीत आहे, तीच मला व्यायामालाही योग्य वाटते. शेवटी शरीर थंड करताना मी ठेका नसलेली बासरी किंवा आलाप ऐकवतो, कारण ठेका असला की थकलेले पायही त्याच्याबरोबर चालू लागतात. "सर, दहा मिनिटे फुकट जातात" असे सांगणारे नवखे दर हंगामात येतात. त्यांना मी गाणी लावायची परवानगी देत नाही आणि याबाबत माझे मत बदलेल असे मला वाटत नाही.

ठोक्यांचा आकडा तपासून न पाहणे

गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएम, या आकड्यात सांगतात. तो आकडा दाखवणारी अनेक ॲप्स आहेत आणि ती वारंवार दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतात. ८५ ठोक्यांचे गाणे १७० चे म्हणून नोंदलेले असते किंवा त्याच्या उलट. आपल्याकडच्या गाण्यांत आणखी एक अडचण येते. अनेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांचा असतो आणि त्यावर पाऊल पहिल्या व चौथ्या मात्रेवर पडते. सगळ्या मात्रा मोजल्या तर आकडा पावलांच्या तिप्पट येतो. कोकणातल्या जाखडी नाचाच्या गाण्यांची आणि भजनातल्या गजराची गोष्ट तर त्याहून वेगळी आहे, कारण त्यांची लय शेवटाकडे चढत जाते. डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याचे, ध्वनिमुद्रण लावून संथ चालायला निघालेला माणूस गजर रंगात आल्यावर धापा टाकू लागतो, तो यामुळेच. अशा रचनांना कोणताही एक आकडा लावता येत नाही. त्या पूर्ण ऐकून मगच यादीत त्यांची जागा ठरवावी.

यावर माझा उपाय साधा आहे. आधी गाण्याशिवाय, आपल्या नेहमीच्या वेगाने चालावे किंवा धावावे आणि अर्ध्या मिनिटात पडलेली पावले मोजून दुप्पट करावीत. मध्यम ते भरभर चालण्यात मिनिटाला साधारण १०० ते १२० पावले पडतात, तर सावकाश धावणाऱ्यांची संख्या बहुधा १५० ते १७० च्या दरम्यान येते. मग गाणे लावून टाळीने त्याचे ठोके तसेच मोजावेत आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे. पावले १६० असतील तर ८० ठोक्यांचे गाणेही उत्तम चालते, कारण एका ठोक्याला दोन पावले बसतात. हे एकदा समजले की यादीत धडाडणारीच गाणी हवीत हा समज गळून पडतो आणि कितीतरी जुनी, शांत चालीची गाणी उपयोगात येतात.

धावपटूने १८० पावलेच टाकली पाहिजेत, असा आग्रहही मी फार ऐकतो. हा आकडा प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या निरीक्षणातून आला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावले मोजली आणि जवळपास सर्वांची संख्या १८० किंवा त्याहून अधिक भरली. ते जगातले निवडक धावपटू होते आणि ते शर्यतीत धावत होते. गेल्या महिन्यात धावायला सुरुवात केलेल्या माणसाने सकाळच्या हलक्या धावेसाठी १८० ठोक्यांची यादी लावण्याला त्या निरीक्षणातून कोणताही आधार मिळत नाही.

उदास मनावर उसना उत्साह लादणे

मनःस्थितीनुसार गाणी निवडताना होणारी ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून ती दुरुस्त करणे कठीण जाते. गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतले की कोकणातली घरे एकदम रिकामी होतात. अशाच एका वर्षी आमच्या सकाळच्या चालण्याच्या गटातील एक काकू मुलगा आणि नातवंडे गेल्यावर गप्प गप्प राहू लागल्या. गटातल्या मंडळींनी त्यांना आनंदी करायचे म्हणून दररोज मोबाईलवर नाचाची गाणी मोठ्याने लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी काकू यायच्याच बंद झाल्या. घरी जाऊन विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळा, ती गाणी ऐकली की मला जास्तच एकटं वाटतं."

संगीतोपचारात यासाठी एक जुने तत्त्व आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्ट्शुलर यांनी १९४८ मध्ये ते मांडले. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करावी आणि मग हळूहळू त्याला हव्या त्या मनःस्थितीकडे न्यावे, असे ते तत्त्व सांगते. मी काकूंसाठी त्याप्रमाणे यादी केली. प्रारंभी दोन संथ भक्तिगीते, नंतर थोड्या चालत्या लयीचे अभंग आणि अखेरीस त्यांनीच निवडलेली, माहेरच्या गावच्या शिमग्याची आठवण करून देणारी ढोल-ताशांची गाणी. त्या पुन्हा यायला लागल्या, आधी एकट्या आणि मग गटाबरोबर.

याची दुसरी टोकाची चूकही सांगितली पाहिजे. उदास असताना उदासच गाणी पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्याने मन तिथेच घोटाळते. सुरुवात मनाशी जुळणारी असावी, पण यादी पुढे सरकणारी असावी. विरहगीतांची तासाभराची यादी करून तिला मन हलके करण्याचा उपाय म्हणणाऱ्यांना मी तिच्या शेवटी निदान चार वेगळी गाणी जोडायला लावतो. रागात असताना मात्र संथ संगीताचा हट्ट धरू नये. आधी जोरकस तालावर वेगाने चालून घ्यावे आणि मग लय उतरवत आणावी.

शफल, रेंज आणि पाऊस

क्रमाने बांधलेली यादी शफलवर, म्हणजे गाणी कोणत्याही क्रमाने वाजतील अशी, लावली तर बांधण्याचे सगळे श्रम वाया जातात. फुकटच्या सेवेत मध्येच जाहिरात लागते आणि लय मोडते. आपल्या डोंगरदऱ्यांत एका वळणावर रेंज असते आणि पुढच्या वळणावर जाते, म्हणून गाणी घरीच डाउनलोड करून ठेवावीत. पावसाळ्यात ओल्या बोटांनी मोबाईलचा पडदा दाद देत नाही, तेव्हा क्रम आधीच पक्का हवा. मी याद्यांना चढ, सपाट, उतार आणि निवांत अशी नावे देतो, त्यामुळे वाटेत विचार करावा लागत नाही. जड वजन उचलताना ठेक्याशी हालचाल जुळवू नये. तिथे श्वास आणि पाठीचा कणा सांभाळणे महत्त्वाचे असते.

आवाज वाढवून लाटांवर मात करणे

समुद्राची गाज, वारा आणि पावसाळ्यात जिमच्या पत्र्यावर पडणारा पाऊस यांच्यामुळे इयरफोनचा आवाज नकळत वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला अवघ्या २० मिनिटांवर. किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वी, घरच्या शांततेत आवाजाची पातळी ठरवावी आणि नंतर ती वाढवू नये, ही माझी पद्धत आहे. लाटांपुढे गाणे ऐकू येत नसेल तर त्या दिवशी लाटा ऐकाव्यात.

रस्त्यावर दोन्ही कान बंद करून धावणे तर मला अजिबात सहन होत नाही. आपले रस्ते अरुंद आहेत, पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीत, आणि वळणावर एसटीचा हॉर्न ऐकू आला नाही तर बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. रस्त्यावर इयरफोन लावायचाच असेल तर एकाच कानात लावावा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचे संगीत एका कानात पूर्ण ऐकू येते. घाटात आणि महामार्गावर तेवढेही नको.

गाण्याशिवाय एकही सराव न करणे

भरतीच्या मुलांसाठी ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. भरतीच्या मैदानावर इयरफोन चालत नाहीत. वर्षभर गाण्याच्या ठेक्यावर वेग राखलेल्या मुलाला त्या दिवशी स्वतःचा वेगच ओळखता येत नाही. शेजारचा धावला की तोही धावतो आणि पहिल्याच फेरीत दम घालवून बसतो. म्हणून माझ्याकडे आठवड्यातले निम्मे सराव गाण्याशिवाय होतात आणि परीक्षेआधीचा महिनाभर इयरफोन पूर्ण बंद असतात. त्या काळात मुले दर फेरीची वेळ आधी अंदाजाने सांगतात आणि मग घड्याळाशी ताडून पाहतात. मे महिन्यात कोसळलेला तो मुलगाही असाच पावले मोजत धावायला शिकला आणि पावसाळा संपेपर्यंत त्याच्या चारही फेऱ्या एकमेकींपासून दोन-तीन सेकंदांच्या फरकात येऊ लागल्या. हलक्या धावेच्या दिवशी तो आजही गाणी ऐकतो, आणि ती यादी आता त्याने स्वतः बनवलेली आहे.