एलईडी बल्ब टिकत नाही? आधी होल्डर आणि डोम बघा

इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर या बाजूला मी वायरिंगची कामं करतो. एक तक्रार सारखी कानावर येते: 'भाऊ, खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलंय, आणि हा वर्षभरही चालला नाही.' दर वेळी बल्बच खराब असतो असं नाही. तो कुठे लावलाय ते आधी बघा.

एलईडीतल्या पिवळ्या चिप सहसा लगेच जात नाहीत, हळूहळू मंदावतात. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरायची पद्धत आहे. त्याच्या कितीतरी आधी जातो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे मेनचा करंट चिपना चालेल असा करून देणारं छोटं सर्किट, आणि त्यातही कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. त्यात छताला चिकटलेला बंद काचेचा डोम, आत उलटा टांगलेला ९ वॅटचा बल्ब. गरम हवा वर चढते आणि नेमकी ड्रायव्हरपाशी कोंडते.

तपासायचं असेल तर बल्ब दोनेक तास चालू ठेवा, मग मेन बंद करून डोम काढा आणि बल्बच्या गळ्याला बोट लावून बघा. चटका बसला तर डोम काढूनच टाका, नाहीतर ५-७ वॅटचा बल्ब लावा. उजेड कमी पडत असेल तर सरळ एलईडीची छतावरची फिटिंग घ्या.

गेलेला बल्ब उलटा करून बुडाचे दोन शिशाचे ठिपके बघा. ते काळे पडून खड्डे झाले असतील तर होल्डरच्या पिनांची स्प्रिंग ढिली आहे, ठिणगी उडतेय. तिथे नवा बल्ब लावून उपयोग नाही, होल्डर बदला. ठिपके स्वच्छ असतील तर वरची प्लॅस्टिकची टोपी काढा. चिप एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीवर बारीक काळा डाग दिसला तरी अख्खा बल्ब बंद. टोपी काढलेला बल्ब परत होल्डरला लावू नका, आतल्या पट्टीवर थेट मेनचा करंट असू शकतो.

बटन बंद केल्यावरही बल्ब मिणमिणतो, हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. कधी बटनातल्या छोट्या इंडिकेटरमुळे तसं होतं, ते ठीक. पण बटन फेजऐवजी (करंट आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेलं असेल, तर बटन बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो तो असाच. बटन बंद ठेवून टेस्टर लावा, आणि होल्डरमध्ये फेज सापडली तर त्याच दिवशी वायरमन बोलवा.

नवा घेताना महाराणी रोडवर भाव करा, पण खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण आणि नोंदणी क्रमांक असल्याशिवाय घेऊ नका. वॅटबरोबर लुमेनही वाचा, म्हणजे उजेड किती ते कळेल. सारखं लाव-बंद होणाऱ्या बाथरूममध्ये अजून जुना सीएफएल असेल तर तो आधी काढा, सारख्या चालू-बंदने तो लवकर जातो. आणि त्यात थोडा पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू फिरवू नका. तुकडे पुठ्ठ्याने गोळा करा, ओल्या कागदाने जागा पुसा, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा आणि सकाळच्या कचरागाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या.