हायस्कूलमध्येच कॉलेज क्रेडिट, ड्युअल एनरोलमेंटचा अर्ज कसा करायचा

अमेरिकेत तुमची मुलं नववी-दहावीत असतील तर ड्युअल एनरोलमेंटची (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घेऊन त्यांचं क्रेडिट मिळवायची सोय) चौकशी आत्ताच सुरू करा, कारण बहुतेक मुलं हे कोर्स अकरावी-बारावीत घेतात पण फॉलसाठीची सगळी धावपळ त्याच्या आधीच्या स्प्रिंगमध्ये असते, आणि तेव्हा माहितीच नसली तर अख्खी सेमिस्टर हातची जाते. या योजनेचं नाव आणि नियम राज्यागणिक बदलतात. वॉशिंग्टनमध्ये रनिंग स्टार्ट, मिनेसोटात पीएसईओ (हे तर १९८५ पासून चालू आहे), ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, आणि ओहायोत सातवीतली मुलंही अर्ज करू शकतात. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीने सांगितलेलं आपल्याकडे चालेलच असं धरून चालू नका.

सगळ्यात आधी शाळेच्या काउन्सेलरला गाठा. विचारायचं ते एवढंच, की कुठल्या कॉलेजशी टायअप आहे, कुठला कोर्स हायस्कूल ग्रॅज्युएशनमध्ये धरला जातो, जीपीएला (सगळ्या ग्रेडच्या सरासरीला) जास्तीचं वेटेज मिळतं का, आणि शेवटची तारीख कधी. हा ईमेल मुलांनाच लिहू द्या, पुढे प्रोफेसरशी त्यांनाच बोलायचंय आणि फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या कायद्यामुळे कॉलेज तुम्हाला मार्क सांगेलच असं नाही, मूल सोळा वर्षांचं असलं तरी.

मग कॉलेजचा स्वतःचा अर्ज. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजसाठी सीसीसीअप्लाय वर ऑनलाइन भरायचा, फुकट आहे, पण तेवढ्यावर काम होत नाही, शाळेची आणि पालकांची सही असलेला वेगळा फॉर्म लागतो आणि बऱ्याच कॉलेजांत तो दर टर्मला नव्याने द्यावा लागतो. इथेच खूप जणांचं अडतं, कारण सुट्टीत शाळेत सही करायला कोणी नसतं. शाळा बंद व्हायच्या आधी सही घेऊन ठेवा.

प्लेसमेंट टेस्ट (मूल कुठल्या पातळीचा कोर्स घेऊ शकेल ते ठरवणारी परीक्षा) सगळीकडे नसते, काही कॉलेजं नुसता जीपीए बघतात. टेक्सासमध्ये टीएसआय नावाची टेस्ट आहे, इतर बऱ्याच ठिकाणी कॉलेज बोर्डाची अ‍ॅक्युप्लेसर. सहज म्हणून जाऊन देऊ नका, स्कोअर कमी आला तर हवा तो मॅथ्स किंवा इंग्लिशचा कोर्स मिळत नाही. कॉलेज बोर्डाची फुकट प्रॅक्टिस आहे ती करा.

पैशांचं म्हणाल तर ट्यूशन बऱ्याचदा माफ असते, पण रनिंग स्टार्टमध्ये पुस्तकं आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. फाफ्साची (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) मदत हायस्कूलमधल्या मुलांना मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझ्या मते अर्ज भरायच्या आधीच यावर घरात बोलणं व्हायला हवं. या कोर्सचा ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, कायमचा बसतो. एपीमध्ये (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) मे महिन्यातल्या परीक्षेत स्कोअर कमी आला तर बहुतेक कॉलेजांना तो न पाठवायची सोय असते, इथे ती नाही, उद्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर हायस्कूलमध्ये घेतलेले कॉलेज कोर्ससुद्धा दाखवावे लागतात. म्हणून पहिल्या टर्मला एकच कोर्स, तोही मुलाला मनापासून आवडणाऱ्या विषयाचा, आणि ड्रॉप करायची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.

क्रेडिट ट्रान्सफरचंही आधीच बघा. राज्यातली सरकारी युनिव्हर्सिटी सहसा घेते, प्रायव्हेट कॉलेजं मात्र कित्येकदा नाही म्हणतात, खासकरून तोच कोर्स हायस्कूल ग्रॅज्युएशनसाठी वापरला असेल तर. कॅलिफोर्नियात असिस्ट या साइटवर कुठला कोर्स कुठे चालतो ते दिसतं. बाकी ठिकाणी अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून उत्तर जपून ठेवा, कोर्सचा सिलॅबसही सेव्ह करा, कारण पुढे क्रेडिट द्यायचं की नाही ठरवताना तोच मागतात.

अ‍ॅडमिशन झालं तरी सीट मिळेलच असं नाही. बऱ्याच कॉलेजांत हायस्कूलच्या मुलांचा रजिस्ट्रेशनचा नंबर शेवटी लागतो, तेव्हा त्याच कोर्सच्या दोन-तीन पर्यायी सेक्शनचे (वेगळ्या वेळेच्या वर्गांचे) नंबर आधीच लिहून ठेवा आणि विंडो उघडली की लगेच रजिस्टर करा, वेटलिस्ट असली तरी नाव टाकाच, पहिल्या आठवड्यात बरीच मुलं कोर्स सोडतात.