लेकराला हगवण लागली तर: ओआरएस आणि झिंक नीट कसं द्यायचं

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात हगवण लागलेलं लेकरू काही तासांत सुकतं. धोका हगवणीपेक्षा अंगातलं पाणी आणि मीठ निघून जाण्याचा जास्त, म्हणून पहिल्याच पातळ संडासनंतर ओआरएस (मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी) सुरू करा.

पुडीवरचं वजन आधी वाचा. साधारण २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ४ ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडी २०० मिलीसाठी. हात साबणाने धुवा. मोठ्या पुडीसाठी उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या बाटलीने मोजा आणि अख्खी पुडी एकदम विरघळवा. ग्लासभर पाण्यात अंदाजाने अर्धी पुडी टाकणं, ही चूक घरोघरी होते. द्रावण घट्ट झालं की ते उलट आतड्यात पाणी ओढतं, हगवण वाढते आणि रक्तातलं मीठही धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. वरून साखर, दूध, सरबत काही घालू नका. केलेलं द्रावण परत उकळू नका आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. ग्लुकोज पावडर किंवा फळांच्या चवीचे डबे ओआरएसच्या जागी चालत नाहीत. त्यात साखर भरपूर, मीठ अपुरं.

दर पातळ संडासनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. वाटी-चमच्यानेच पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्या.

अंगावरचं दूध बंद करू नका. सहा महिन्यांवरच्या बाळाला मुगाची मऊ खिचडी, दहीभात, केळं द्या. ‘दात येताहेत, होईल बरं’ म्हणून वाट पाहू नका. संडास थांबवायच्या गोळ्या लेकरांना अजिबात नकोत.

झिंकची गोळी चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून रोज एकदा: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, म्हणजे २० मिलीग्रॅमची अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण. १४ दिवस. तिसऱ्या दिवशी संडास बांधून झाली की बहुतेक घरांत गोळी सुटते. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत हगवण लागू नये, याचा फायदा पूर्ण कोर्सनेच मिळतो. ओआरएस आणि झिंक, दोन्ही आशाताईंकडे, अंगणवाडीत फुकट मिळतात.

बाळ दोन महिन्यांखालचं असेल, संडासात रक्त असेल, डोळे खोल गेले असतील, बाळ सुस्त पडलं असेल, पीत नसेल, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसत असेल, तर १०८ ला फोन करा आणि नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. लेकरू शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर वाटेतही चमच्याने पाजत राहा.