पावसाळ्याआधी हे बघून घ्या: फाशी रोगाने जनावर मेलेल्या जागेचं काय करायचं

पाऊस तोंडावर आला की सगळे बी-बियाणं आणि खताच्या मागे लागतात, ते लागायलाच पाहिजे, पण ज्यांच्या रानात कधीकाळी फाशीने, म्हणजे अँथ्रॅक्स या जंतूंमुळे होणाऱ्या रोगाने, जनावर गेलंय त्यांनी आधी ती जागा एकदा बघून यावी. कधीकाळी म्हणजे मागच्याच वर्षी असं नाही हं, तुमच्या आधीच्या पिढीत गेलं असेल तरी ती जागा धरायची.

या दिवसांत हमखास येणारा प्रश्न म्हणजे "जमीन शुद्ध करायला काय टाकू?" सरळ सांगतो, अख्खं रान शुद्ध होईल असं टाकण्यासारखं काही नाही. जी जागा खराब झालीय तेवढीच पकडायची, तिथली माती हलू द्यायची नाही आणि जनावरांना वेळेत लस टोचून घ्यायची.

असं का, ते समजून घ्या म्हणजे नको तिथे पैसे जाणार नाहीत. जनावराच्या अंगात असतो तोवर हा जंतू तसा नाजूक असतो, मेलेलं जनावर न फाडता तसंच राहिलं तर कुजताना आतले जंतू दोन-तीन दिवसांत बरेचसे मरून जातात. पण रक्त बाहेर सांडलं आणि हवा लागली की जंतू स्वतःभोवती टणक कवच करतो, तोच बीजाणू, लोक स्पोअर म्हणतात तो. मग त्याला ऊन लागत नाही, थंडी लागत नाही, पाणी नसलं तरी चालतं. मातीत चुनखडी जास्त, सेंद्रिय माल जास्त आणि पीएच सहाच्या वर असेल तर तो अजून मजेत राहतो. रशियात यामालला २०१६ च्या उन्हाळ्यात कडक ऊन पडून गोठलेली जमीन वितळली आणि फाशीने दोन हजाराच्या वर रेनडिअर मेले, एक बारा वर्षांचा मुलगाही गेला. तिथे आधीची साथ १९४१ ची होती, आणि एवढ्या वर्षांत काही झालं नाही म्हणून २००७ पासून लस देणंच बंद केलेलं!

आता साफ करून दाखवलेल्या जमिनीचं उदाहरण बघा. स्कॉटलंडजवळ ग्रुइनार्ड नावाचं बेट आहे, तिथे १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने फाशीचे बीजाणू भरलेल्या बॉम्बची चाचणी मेंढ्यांवर घेतली आणि बेट बंद पडलं. १९८६ मध्ये साफ करायला घेतलं तेव्हा २८० टन फॉर्मल्डिहाइडचं द्रावण समुद्राच्या पाण्यात मिसळून चौरस मीटरला ५० लिटर या हिशोबाने मातीत जिरवलं, जास्त खराब असलेली वरची माती काढून नेली, मग मेंढ्या चरायला सोडून बघितल्या आणि १९९० मध्ये कुठे बेट सुरक्षित म्हणून जाहीर झालं. आणि हे सगळं अख्ख्या बेटाला नाही, त्यातल्या काही एकरांनाच. फॉर्मल्डिहाइड डोळ्यात-छातीत जातं, कॅन्सर करणाऱ्या केमिकलमध्ये त्याची गणना आहे आणि मातीतले चांगले जीवजंतूही त्याने मरतात, त्यामुळे कॅन आणून स्वतः फवारायचा विचारही करू नका, ते पशुवैद्यकीय खात्याच्या लोकांच्या देखरेखीखालीच आणि छोट्या तुकड्यापुरतंच.

बाकी लोक जे जे करतात त्यातलं बरंचसं वाया जातं. उन्हाळ्यात प्लॅस्टिक अंथरून माती तापवतात ती पद्धत बुरशी आणि सूत्रकृमीसाठी चांगली आहे, पण माती तापून तापून ४५-५५ डिग्रीपर्यंत जाते आणि हे बीजाणू खात्रीने मारायला लॅबमध्ये १२१ डिग्रीची दाबाची वाफ लागते, म्हणजे हिशोबच जमत नाही. पालापाचोळा पेटवून दिला तर वरची बोटभर माती तापते, खाली काही पोचत नाही. ट्रायकोडर्मा, जिवाणू खतं वगैरे पिकाच्या रोगासाठी आहेत, यांचा इथे संबंध नाही. ब्लीचिंगचं द्रावण धुतलेल्या सिमेंटच्या फरशीवर काम करतं, मातीत आणि शेणात मात्र पडल्या पडल्या त्याचा जोर संपतो. चुन्याचं तर उलटंच आहे, वर्षानुवर्षं लोक खड्ड्यात चुना टाकत आले, आजही टाकतात, पण कॅल्शियममुळे बीजाणू टिकायला मदतच होते असं दिसल्यावर जाणकार आता फाशीच्या जनावरावर चुना टाकू नका म्हणतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खोल नांगरट, त्याने एका जागची घाण पसरते आणि खाली गेलेली वर येते.

मग करायचं काय? जागा माहीत असेल तर तिच्याभोवती चांगलं ऐसपैस अंतर सोडून पक्कं कुंपण घाला, तात्पुरत्या काट्या नकोत. आतलं गवत वाढू द्या, ते माती धरून ठेवतं, पण कापून जनावरांना घालू नका आणि त्याचं वाळलेलं वैरणही करू नका. तिथे नांगर नाही, जेसीबी नाही, विहीर नाही, पाइपलाइनचा चर नाही. पाणी हा मोठा मुद्दा आहे, बीजाणू पाण्याबरोबर वाहत जाऊन सखल जागी साचतात, म्हणून वरच्या अंगाला कुंपणाच्या बाहेरून छोटा बांध घालून पावसाचं पाणी त्या जागेवरून जाणार नाही असं वळवा, आणि हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधीच. खालच्या बाजूला डबकं साचत असेल तर जनावरं तिथे पाण्यावर नेऊ नका. माती तपासून घेऊ का असंही विचारतात, घ्या, पण बीजाणू मातीत सगळीकडे सारखे नसतात, एका मुठीत असतील आणि हातभर अंतरावर नसतील, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून कुंपण काढायचं नाही.

हंगामात जनावर अचानक मेलं तर पहिले काही तास महत्त्वाचे. धडधाकट जनावर एकाएकी पडलं, पोट भराभर फुगलं, अंग नेहमीसारखं ताठरलं नाही, नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त आलं आणि ते गोठतच नाहीये, असं दिसलं की फाशीच धरून चाला. कातडी काढायची नाही, पोट फाडून बघायचं नाही, मांस तर कुणालाच द्यायचं नाही. ओढतही नेऊ नका, ओढलं की वाटभर रक्त सांडतं. ताडपत्री टाका, कुत्री-पक्षी येऊ देऊ नका आणि पशुवैद्यकीय डॉक्टरला फोन करा, ते कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर तपासतात, त्यासाठी जनावर उघडावं लागत नाही. विल्हेवाट जाळून लावणं सगळ्यात चांगलं, खालून हवा लागेल असं रचून, पूर्ण राख होईपर्यंत, आणि खालची रक्त लागलेली माती वीसेक सेंटिमीटर खोल काढून त्याच आगीत. माती काढताना आधी ओली करा, धूळ उडाली की ती श्वासात जाते. जाळणं शक्यच नसेल तर दोन मीटर खोल पुरायचं, पाण्यापासून लांब, आणि मग तिथे वर सांगितलं तसं कुंपण. पुरलं म्हणजे संपलं असं मात्र नाही, गांडुळं बीजाणू मातीबरोबर वर आणतात हे पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय.

लसीचं आता. लस पावसाच्या आधी तीन-चार आठवडे टोचून झाली पाहिजे, कारण अंगात ताकद यायला आठ-दहा दिवस लागतात, आणि दरवर्षी टोचायची. ही जिवंत लस आहे, त्यामुळे लसीच्या आधी-नंतरच्या दिवसांत अँटिबायोटिक दिलं तर लस वाया, डॉक्टरला आधीच सांगा की जनावराला काही चालू आहे का. चराईतही लक्ष द्या, दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात कोंब बोटाएवढेच असतात, जनावर ते मुळासकट उपटतं आणि सोबत माती खातं, म्हणून तेवढे दिवस गोठ्यातच वैरण द्या, गवत वाढल्यावर सोडा. बाहेरून हाडांचं खत घेत असाल तर वाफेवर प्रक्रिया केलेलंच घ्या, कच्च्या हाडाच्या भुकटीतून हा रोग आल्याची उदाहरणं आहेत.

माणसांनी त्या जागेवर काम करावं लागलंच तर गमबूट, हातमोजे, मास्क. नंतर साबणाने भरपूर पाण्यात चोळून धुवा, हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर बीजाणूंना मारत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. हातावर-मानेवर आधी किडा चावल्यासारखं खाजरं पुरळ आणि मग मधे काळी खपली, बाजूने सूज, पण दुखत मात्र नाही, असं झालं तर दवाखान्यात जाऊन "मेलेल्या जनावराशी संबंध आला होता" हे स्वतःहून सांगा, वेळेत औषध मिळालं तर बरं होतं.

फऱ्या या जनावरांच्या दुसऱ्या रोगाचं गणित थोडंफार असंच, त्याचेही बीजाणू मातीत राहतात, सहा महिने ते दोन वर्षांच्या चांगल्या पोसलेल्या वासरांना जास्त होतो, मांडी सुजते आणि दाबली की चरचर आवाज येतो, त्याचीही लस पावसाआधीच. आणि धनुर्वाताचे बीजाणू तर शेणखत पडलेल्या जवळपास प्रत्येक मातीत असतात, तिथे माती साफ करायच्या भानगडीत पडायचंच नाही, घरातल्या प्रत्येकाचं टिटॅनसचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा आणि राहिलं असेल तर पेरणीच्या आधी घेऊन टाका.