काही लागलं नाही, तरी खांदा दुखतो? मी काय केलं ते सांगते

पडले नव्हते, जड काही उचललं नव्हतं, तरी उजवा खांदा ठणकायचा. सांगलीत घरीच शिवणकाम करते मी. मशीनचा ताण असेल म्हणून पाच महिने बाम चोळला. मग एक दिवस ब्लाउजच्या मागच्या हुकापर्यंत हात पोचेना. एक्स-रे स्वच्छ आला, 'काही नाही' म्हणून गोळ्या मिळाल्या.

बायांनो, 'काही नाही'वर थांबू नका. साखर तपासून घ्या. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं; माझी साखर वाढलेलीच निघाली. घरात कुणाला तरी तुमचा हात हळूच वर न्यायला सांगा. त्यांनाही नेता आला नाही, तर सांधा आखडलेला असू शकतो. मान वळवताच कळ हातात उतरली, तर मूळ मानेत असू शकतं. आणि खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर लगेच 108 ला फोन करा.

मला फिजिओथेरपिस्टनी शिकवलं ते असं: आधी दहा मिनिटं गरम शेक. मग चांगल्या हाताने टेबल धरून वाकायचं, दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडून झुलवायचा. नंतर भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, आणि जिथे अडतील तिथे खूण. मी शिंप्याच्या खडूने रेघ मारायची. कधी आठवडाभर रेघ हलायचीच नाही, तरी कळ येईल इतकं ताणायचं नाही. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी.

सात महिन्यांनी हुक लागला.